स्प्लिटिंगही वाढलं, टी-वनही वाढला: मग फॉस्फोलिपिडचं पटल ताठ झालं की चपळ?

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने साखळ्यांमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसवलेलं डीएमपीसी हे फॉस्फोलिपिड, म्हणजे एक डोकं आणि दोन तेलकट साखळ्या असलेला पेशीच्या पटलातला रेणू, घेतलं, पाण्यात त्याचे द्विस्तर (दोन थरांची पटलं) तयार केले आणि ४४ अंश सेल्सिअसला ड्युटेरियमचा एनएमआर, म्हणजे चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रांच्या सिग्नलचा वर्णपट, घेतला. मग जवळजवळ निम्मं कोलेस्टेरॉल मिसळून तेच मोजमाप पुन्हा केलं. स्प्लिटिंग, म्हणजे वर्णपटातल्या रेषांच्या जोडीमधलं अंतर, साधारण दुप्पट झालं. टी-वन, म्हणजे अणुकेंद्रांना समतोलाकडे परतायला लागणारा वेळ, कमी होईल असं तिला वाटलं होतं, तो उलट वाढला. ती विचारते: "स्प्लिटिंग म्हणतं पटल ताठ झालं, टी-वन म्हणतो रेणू चपळ झाले. खरं काय मानायचं? की माझं मोजमापच चुकलंय?"

मोजमाप चुकलेलं नाही. अशा मिश्रणात अगदी हेच दिसायला हवं. चूक आहे ती "टी-वन वाढला म्हणजे रेणू चपळ झाले" या वाक्यात. ही चूक फार पसरलेली आहे, आणि मला वर्षानुवर्षं खटकत आलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्प्लिटिंग सांगतं की बंध आपल्या सरासरी दिशेपासून किती दूरवर भटकतो. टी-वन सांगतो की त्या भटकण्यापैकी किती भाग एका ठरावीक वारंवारतेच्या आसपास घडतो. पहिलं आवाक्याचं माप आहे. दुसऱ्यात आवाका आणि वेग एकमेकांत मिसळलेले असतात. "फ्लुइडिटी" हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की गोंधळ होणारच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मसुद्यात मी तो शब्द खोडते आणि विचारते, तुम्हाला नेमकी कोणती हालचाल म्हणायची आहे?

आधी स्प्लिटिंग कुठून येतं ते पाहू, कारण तिथले आकडे हातात घेऊन तपासता येतात. ड्युटेरियमच्या अणुकेंद्राचा स्पिन एक. त्याला क्वाड्रुपोल मोमेंट असतं, म्हणजे त्याचा विद्युतभार पूर्ण गोलाकार पसरलेला नसतो. कार्बन-ड्युटेरियम बंधातल्या इलेक्ट्रॉनांमुळे अणुकेंद्रापाशी विद्युतक्षेत्राला एक उतार येतो आणि हा उतार जवळजवळ बंधाच्याच दिशेने असतो. त्यामुळे ड्युटेरियमची एक रेषा दोन रेषांत फुटते, आणि त्या दोन रेषांमधलं अंतर बंधाचा चुंबकक्षेत्राशी काय कोन आहे त्यावर ठरतं. निसर्गाने जणू प्रत्येक बंधावर दिशा दाखवणारा काटा बसवून दिला आहे. फॉस्फोलिपिडच्या अभ्यासात ड्युटेरियमला एवढं महत्त्व आलं ते यामुळे.

आता हिशोब. साखळीतल्या बंधासाठी क्वाड्रुपोल कपलिंग, म्हणजे या परिणामाची मूळ ताकद, सुमारे १६७ किलोहर्ट्झ असतं. सॅम्पलमध्ये द्विस्तर सगळ्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे वर्णपटात दोन शिंगं असलेला पसरट आकार मिळतो. पूर्ण गोठलेल्या बंधासाठी या शिंगांमधलं अंतर १६७ च्या तीन चतुर्थांश, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ. समजा साखळी पूर्ण ताठ आहे, एकही मुरड नाही, पण ती आपल्या लांबीच्या अक्षाभोवती वेगाने गिरक्या घेते आहे. बंध अक्षाला काटकोनात असतो. कोसाइनच्या वर्गाची तिप्पट, त्यातून एक वजा, भागिले दोन, या सूत्रात नव्वद अंश घातले की उणे अर्धा मिळतो. म्हणजे अंतर निम्मं होतं, सुमारे ६३ किलोहर्ट्झ. आता तुमच्या शुद्ध डीएमपीसीच्या वर्णपटात सर्वांत बाहेरच्या शिंगांमधलं अंतर बघा. ते पंचवीस किलोहर्ट्झच्या आसपास असेल. १२५ ने भागलं की ०.२. हाच ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे बंधाला दिशेचं किती बंधन आहे त्याचं माप. गिरकीने १२५ चे ६३ झाले, आणि मुरडींनी व डुलण्याने ६३ चे २५.

साध्या द्रवात रेणू सगळीकडे सारखाच फिरतो, सरासरी शून्य होते, आणि स्प्लिटिंग नाहीसं होतं. घन पदार्थात ते पूर्णच्या पूर्ण उरतं. फॉस्फोलिपिडचा द्विस्तर या दोहोंच्या मधला आहे: हालचाल जोरदार, पण तिला दिशेचं बंधन. म्हणून जे थोडं उरतं त्यात बंधनाची सगळी माहिती असते.

आता खरा मुद्दा. सरासरी कधी होते? हालचाल मूळ कपलिंगच्या मानाने वेगवान असेल तेव्हा. इथे ही सीमा साधारण दहा मायक्रोसेकंदांची आहे. त्याहून वेगाने घडणारं सगळं सरासरीत विरघळून जातं, मग ते दहा पिकोसेकंदांत घडो की शंभर नॅनोसेकंदांत. समजा एखादी गिरकी एक नॅनोसेकंदाऐवजी दहा नॅनोसेकंदांत होऊ लागली, वेग दहापटीने घटला. आवाका तोच असेल तर स्प्लिटिंग एका हर्ट्झनेही बदलणार नाही. वेगाच्या बाबतीत स्प्लिटिंग आंधळं आहे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

किती वेगवेगळ्या हालचाली त्या सरासरीत जातात याचा अंदाज यावा म्हणून सांगते. साखळीतल्या एखाद्या जोडावर मुरड पडणं आणि सुटणं दहा ते शंभर पिकोसेकंदांत होतं. रेणूची अक्षाभोवतीची गिरकी आणि अख्ख्या रेणूचं डुलणं नॅनोसेकंदांच्या घरात. शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल दहा-वीस नॅनोसेकंदांपासून पुढे. त्यानंतर पटलावरच्या लाटा, ज्यात शेकडो रेणू एकत्र हलतात. त्या नॅनोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत पसरलेल्या असतात. आणि सर्वांत मंद म्हणजे एका थरातून दुसऱ्या थरात मारलेली कोलांटी. शुद्ध फॉस्फोलिपिडमध्ये तिला तास किंवा दिवससुद्धा लागतात, कारण पाण्यावर प्रेम करणारं डोकं तेलकट गाभ्यातून ओढून न्यावं लागतं. पिकोसेकंद ते दिवस, एकाच रेणूच्या हालचाली. एका आकड्यात हे सगळं मावेल अशी अपेक्षाच गैर आहे.

इतिहासाची थोडी भर घालते, कारण त्यातूनही हाच धडा मिळतो. १९७१ मध्ये हबेल आणि मॅक्कॉनेल यांनी साखळीवर नायट्रॉक्साइडची खूण लावून ईएसआरने, म्हणजे अणुकेंद्राऐवजी इलेक्ट्रॉनचा सिग्नल मोजणाऱ्या पद्धतीने, दाखवलं की साखळी डोक्यापासून टोकाकडे हळूहळू सैल होत जाते. १९७४ मध्ये बाझेलला अ‍ॅना आणि योआखिम सीलिग यांनी डीपीपीसी या फॉस्फोलिपिडच्या साखळीत एकेका कार्बनवर ड्युटेरियम बसवून तेच मोजलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं. सुरुवातीच्या आठ-नऊ कार्बनपर्यंत ऑर्डर पॅरामीटर जवळजवळ सारखा, एक पठार, आणि मग टोकाकडे झपाट्याने उतार. टोकाच्या मिथाइलचं स्प्लिटिंग तर जेमतेम दोन-तीन किलोहर्ट्झ. फरकाची कारणं दोन: नायट्रॉक्साइडची अवजड खूण आपल्या आसपासची रचनाच विस्कटते, आणि दोन्ही पद्धतींची कालसीमा वेगवेगळी आहे. ईएसआरला जे अर्धवट गोठलेलं दिसतं ते ड्युटेरियमला पूर्ण सरासरी झालेलं दिसतं. ड्युटेरियमने रेणूचं जवळजवळ काहीच बिघडत नाही. साखळ्यांचं वितळण्याचं तापमान तेवढं तीन-चार अंशांनी खाली येतं. त्याच काळात आणखी एक सुंदर गोष्ट कळली. ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनला जोडलेली साखळी सुरुवातीला पटलाच्या पृष्ठभागाला समांतर जाते आणि मग काटकोनात वळून आत शिरते. त्यामुळे तिच्या दुसऱ्या कार्बनवरची दोन ड्युटेरियम वेगवेगळी आणि लहान स्प्लिटिंग देतात. तुमच्या वर्णपटाच्या मध्याजवळ काही शिंगं विनाकारण दिसत असतील तर त्यांना टोकाकडचे कार्बन समजू नका. सगळं शिंगांचं बाड डोक्यापासून टोकाकडे उतरत्या क्रमाने लावायची सवय सोयीची आहे, पण या एका ठिकाणी ती फसवते.

आता टी-वन. अणुकेंद्रांना चुंबकक्षेत्रात समतोलाकडे परतायला बाहेरून धक्का लागतो, आणि तो धक्का त्यांच्या स्वतःच्या वारंवारतेच्या तालात असावा लागतो. झोपाळ्यासारखंच: जोर कितीही असो, ताल चुकला तर झोका चढत नाही. ९.४ टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉनची वारंवारता ४०० मेगाहर्ट्झ आणि ड्युटेरियमची ६१.४. म्हणजे जी हालचाल ६१.४ किंवा त्याच्या दुप्पट मेगाहर्ट्झवर थोडी तरी ताकद बाळगून आहे, तीच तुमच्या टी-वनमध्ये मोजली जाते. वेळेच्या भाषेत हे एक-दोन नॅनोसेकंद. ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये हा हिशोब मांडला आणि आजही आपण त्याच वाटेने चालतो. हालचाल या वेळेहून मंद असली तर वेग वाढताना टी-वन घटतो. हालचाल याहून वेगवान असली तर वेग वाढताना टी-वनही वाढतो. मध्ये एक तळ असतो. तुम्ही तळाच्या कोणत्या बाजूला आहात हे कळल्याशिवाय टी-वनचा अर्थ लावता येत नाही. ओळखण्याची रीत साधी आहे: तापमान दहा अंशांनी वाढवून पुन्हा मोजा. टी-वन वाढला तर तुम्ही वेगवान बाजूला आहात. द्रव अवस्थेतल्या साखळ्यांसाठी सहसा तसंच निघतं.

पण बाजू कळली तरी काम संपत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. वेगवान बाजूला शिथिलनाचा दर, म्हणजे टी-वनचा व्यस्त, दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: हालचालीत बंध किती कोनातून हलतो, आणि त्या हालचालीला किती वेळ लागतो. कोलेस्टेरॉलचं सपाट, कडक सांगाड्याचं अंग साखळ्यांच्या सुरुवातीच्या भागाला लागून उभं राहतं. मुरडी कमी पडतात, डुलण्याचा कोन आवळला जातो. ऑर्डर पॅरामीटर ०.२ वरून ०.४ च्या आसपास जातो. तुमचं दुप्पट स्प्लिटिंग ते हेच. कोन आवळला म्हणजे गुणाकारातला पहिला आकडा घटला. दुसरा आकडा अजिबात बदलला नाही असं धरलं तरी दर घटणार आणि टी-वन वाढणार. म्हणजे टी-वन वाढण्यासाठी रेणू चपळ होण्याची गरजच नाही. ते कमी हलतात, एवढंच पुरेसं आहे. तुमची दोन्ही मोजमापं एकाच सुरात बोलत आहेत.

याचा अर्थ वेग बदललाच नाही असा नाही. एका तापमानाच्या, एका चुंबकाच्या टी-वनवरून ते सांगता येत नाही, कारण अज्ञात दोन आणि समीकरण एक. दुसरं समीकरण दुसऱ्या चुंबकातून मिळतं. विद्यापीठात वेगळ्या क्षेत्राचा स्पेक्ट्रोमीटर असेल तर त्यावर दोन दिवस मागून घ्या. टी-वन क्षेत्राबरोबर अजिबात बदलला नाही तर त्याला कारणीभूत हालचाली नॅनोसेकंदाहून खूप वेगवान आहेत. क्षेत्र वाढवल्यावर टी-वन वाढला तर नॅनोसेकंद किंवा त्याहून मंद हालचालींचा वाटा आहे. फॉस्फोलिपिडमध्ये यातली दुसरी गोष्ट दिसते. याच निरीक्षणामुळे मुरडींचा हिशोब पुरेसा नाही हे लोकांना मान्य करावं लागलं.

इथे मायकेल ब्राउन यांचं काम वाचायला हवं. त्यांनी दाखवलं की एकाच पटलात साखळीच्या निरनिराळ्या जागांचा शिथिलन-दर त्या त्या जागेच्या ऑर्डर पॅरामीटरच्या वर्गाबरोबर सरळ रेषेत वाढतो. नीट विचार केला तर हे चकित करणारं आहे. टोकाचा भाग सैल आणि वेगवान, तिथे दर कमी. पठारावरचा भाग बांधलेला, तिथे दर जास्त. अर्थ असा लावला जातो की मुरडींच्या वेगवान हालचालीने एक सरासरी दिशा उरते, आणि ती उरलेली दिशा मंदपणे डोलते. जितकी जास्त दिशा उरलेली, तितका त्या डोलण्याचा परिणाम मोठा. हे डोलणं नेमकं कोणाचं, यावर दोन मतं आहेत. एक मत म्हणतं की हे शेजारच्या अनेक रेणूंचं मिळून होणारं सामूहिक डोलणं आहे. दुसरं म्हणतं की एकेका रेणूचं काही नॅनोसेकंदांत होणारं डुलणंच पुरेसं आहे. माझं मत सांगायचं तर, मेगाहर्ट्झच्या टापूत मला दुसरं चित्र जास्त पटतं, आणि सामूहिक लाटांचा ठसा किलोहर्ट्झकडे शोधावा असं वाटतं. तिथे क्षेत्र झटकन बदलून मोजण्याची फील्ड-सायकलिंग पद्धत, किंवा एकोचा (पल्सनंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या सिग्नलचा) क्षय, यांचा उपयोग होतो. पण माझ्यापेक्षा जास्त अनुभवी लोक वेगळं मानतात, आणि त्यांचे युक्तिवाद हलके नाहीत.

मग ताठ साखळ्यांचं हे पटल गोठलं आहे का? नाही. आणि हे टी-वनवरून नव्हे, बाजूच्या सरकण्यावरून कळतं. द्रव द्विस्तरात या सरकण्याचा विसरण-गुणांक (डिफ्यूजन कोएफिशंट) साधारण दहाचा उणे अकरावा घात चौरस मीटर प्रति सेकंद, किंवा त्याहून थोडा कमी असतो. म्हणजे एका सेकंदात रेणू सहा मायक्रोमीटरच्या आसपास भटकतो. त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या हजारो पट. हे एनएमआरने मोजायचं तर काचेच्या पट्ट्यांवर द्विस्तर एका दिशेत रचतात, त्यांचा लंब चुंबकक्षेत्राशी ५४.७ अंशांवर ठेवतात म्हणजे दिशेवर अवलंबून असलेल्या अंतर्क्रिया शून्यावर येतात आणि रेषा अरुंद होते, आणि मग ग्रेडियंटच्या, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकक्षेत्राच्या, पल्स देऊन सरकणं मोजतात. कोलेस्टेरॉल घातल्यावर हा गुणांक काही पटींनी घटतो, पण साखळ्या गोठलेल्या जेल अवस्थेत तो जसा शेकडो-हजारो पटींनी कोसळतो तसा कोसळत नाही. साखळ्या ताठ, तरी रेणू पोहत असतात. या अवस्थेला लिक्विड-ऑर्डर्ड म्हणतात, आणि १९९० मध्ये व्हिस्ट आणि डेव्हिस यांनी ड्युटेरियमच्याच वर्णपटांवरून डीपीपीसी-कोलेस्टेरॉलचा नकाशा काढून तिच्या सीमा आखल्या. "फ्लुइड" हा शब्द इथे किती अपुरा पडतो ते बघा. साखळीला विचारलं तर ती नाही म्हणते, रेणूला विचारलं तर तो हो म्हणतो.

शुद्ध द्विस्तरातला सैलपणा किती खरा आहे याचं एक उदाहरण मला फार आवडतं. सॅम्पल जादूई कोनात (वरच्याच ५४.७ अंशांवर) वेगाने फिरवून प्रोटॉनचा नोएसी, म्हणजे कोणते गट एकमेकांजवळ येतात ते दाखवणारा वर्णपट, घेतला तर साखळीच्या टोकाचं मिथाइल आणि डोक्यावरचं कोलिन यांच्यातही संपर्काचा ठिपका दिसतो. द्विस्तराच्या मधोमध असलेलं टोक पृष्ठभागावरच्या गटापर्यंत कसं पोहोचतं? पहिल्यांदा लोकांना वाटलं की चुंबकत्व एकाकडून दुसऱ्याकडे पाझरत गेलं असेल. पण तपासाअंती निघालं ते असं की पाझर नगण्य आहे आणि साखळ्या खरोखरच अधूनमधून वर वळतात. पाठ्यपुस्तकात दोन सरळ पाय असलेली जी आकृती असते, तिच्यावर एनएमआरचा माणूस विश्वास ठेवत नाही तो यामुळे.

आता सॅम्पलकडे वळते, कारण अर्थ लावण्याच्या चुकांइतक्याच चुका तिथे होतात. ड्युटेरियमचं मोजमाप लावण्याआधी त्याच सॅम्पलचा फॉस्फरसचा वर्णपट घ्या. फॉस्फरस-३१ निसर्गात शंभर टक्के असतो, काही मिनिटांत काम होतं. चांगल्या द्विस्तराचा आकार ओळखीचा आहे: उजवीकडे उंच शिखर, डावीकडे खांदा, एकूण रुंदी चाळीस ते पन्नास पीपीएम. षट्कोनी नळ्यांची रचना झाली असेल तर आकार उलटतो आणि रुंदी निम्मी होते. आणि मध्ये बारीक टोकदार रेषा उभी राहिली तर सॅम्पलमध्ये लहान पुटिका (द्विस्तराचे पोकळ गोळे) किंवा आणखी काहीतरी गोल गोल फिरणारं आहे. मिश्रणाचा वर्णपट असा निघाला तर ड्युटेरियमचे आकडे काढत बसू नका, सॅम्पल नव्याने करा.

लहान पुटिकांबद्दल एक हिशोब दाखवते. सोनिकेशन (ध्वनिलहरींचा मारा) करून पंचवीस नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका केल्या तर पाण्यात त्या साधारण दोन मायक्रोसेकंदांत गिरकी घेतात. हे आपल्या दहा मायक्रोसेकंदांच्या सीमेच्या आतलं झालं. त्यामुळे रेषा अरुंद होते आणि वर्णपट देखणा दिसतो, पण तो अरुंदपणा पुटिकेच्या फिरण्याचा आहे, साखळीच्या हालचालीचा नाही. एक मायक्रोमीटरच्या पुटिकेला तीच गिरकी घ्यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, कारण वेळ त्रिज्येच्या घनाने वाढतो. म्हणून स्प्लिटिंगसाठी मोठे, बहुस्तरी द्विस्तरच हवेत. गोठवून-वितळवून चार-पाच वेळा केले की ते एकजीव होतात.

कोलेस्टेरॉल आणि लिपिड सेंद्रिय द्रावकात एकत्र विरघळवा, मग द्रावक उडवून रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवा. नंतर वेगळं कोलेस्टेरॉल टाकलं तर ते स्फटिक होऊन बाजूला बसतं आणि तुम्ही निम्मं समजता ते निम्मं नसतं. पाणी भरपूर घाला, वजनाने निम्मं घातलं तर निश्चिंत राहता येतं, आणि ते ड्युटेरियम काढून टाकलेलं पाणी असू द्या. साध्या पाण्यातलं थोडं ड्युटेरियमसुद्धा वर्णपटाच्या मधोमध एक मोठी सुई उभी करतं, आणि मिथाइलची शिंगं तिच्यापाशीच असतात.

पाण्याबद्दल मला स्वतःला एक महागडा धडा मिळाला आहे. एका मालिकेत मी तापमान चढवत चढवत तीन आठवडे टी-वन मोजले. ऑर्डर पॅरामीटर तापमानाबरोबर घटायला हवा, तो घटायचा थांबला. मी त्यात नवी अवस्था शोधू लागले. शेवटी सॅम्पल काढून वजन केलं तेव्हा कळलं की झाकणाच्या सीलमधून पाणी उडालं होतं. द्विस्तर वाळत चालला होता, आणि वाळलेल्या द्विस्तरात डोकी दाटतात, साखळ्या ताठ होतात. तीन आठवड्यांचं काम टाकून दिलं. त्यानंतर प्रत्येक सॅम्पलचं वजन मोजमापाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा, वहीत लिहिते. मालिका संपली की सुरुवातीच्या तापमानाला परत येऊन पहिला वर्णपट पुन्हा घेते. तो जुळला नाही तर मधलं काहीच वापरत नाही.

स्पेक्ट्रोमीटरबाबत: द्रावणासाठीच्या साध्या प्रोबवर हे काम नीट होत नाही. शंभर किलोहर्ट्झ रुंद सिग्नल पहिल्या काही दहा मायक्रोसेकंदांत संपतो, आणि पल्सनंतर रिसीव्हर उघडेपर्यंत त्याची सुरुवात हातची जाते. १९७६ मध्ये व्हँकुव्हरला डेव्हिस, ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वाड्रुपोलर एको वापरून हा प्रश्न सोडवला: नव्वद अंशांच्या दोन पल्स, दुसरीचा फेज पहिलीच्या काटकोनात, आणि मोजणी एकोच्या शेंड्यापासून. पल्स दोन-तीन मायक्रोसेकंदांची हवी. लांब असेल तर बाहेरची शिंगं खुजी दिसतात आणि मिश्रणाचं रुंद स्प्लिटिंगच नेमकं मार खातं. टी-वन मोजतानाही शेवटी एकोच वापरा. आणि तापमान दाखवणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. साखळ्यांवर ड्युटेरियम असलेलं डीपीपीसी ३७-३८ अंशांना वितळतं, ती उडी एका वर्णपटात दिसते. तिच्यावरून तापमान लावून घ्या.

डोक्याच्या हालचालीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. कोलिनच्या दोन कार्बनवर ड्युटेरियम बसवलं तर पाच-सहा किलोहर्ट्झची दोन स्प्लिटिंग मिळतात. पटलावर धन भार आला की एक घटतं आणि दुसरं वाढतं, ऋण भार आला की उलट, कारण डोक्याची कललेली दांडी भाराप्रमाणे आपला कल बदलते. सीलिग यांनी याला रेणूचा व्होल्टमीटर म्हटलं आहे. कोलेस्टेरॉलला भार नाही, म्हणून तुमच्या सॅम्पलमध्ये इथे फारसा बदल अपेक्षित नाही. दिसला तर मी पहिल्यांदा पाण्याच्या प्रमाणावर संशय घेईन.

तुमच्या लेखासाठी आता काय करावं ते सांगते. दोन्ही सॅम्पलच्या वर्णपटांवरून, द्विस्तर एका दिशेत रचला असता तर तो कसा दिसला असता असा गणिती वर्णपट काढा, म्हणजे शिंगं सुटी होतील. प्रत्येक सुट्या रेषेचा ऑर्डर पॅरामीटर आणि टी-वन वेगवेगळा मोजा. सगळ्यांचा मिळून एक टी-वन देऊ नका, कारण पठार आणि मिथाइल यांच्यात दहापटीचा फरक असू शकतो. मग टी-वनचा व्यस्त, म्हणजे दर, ऑर्डर पॅरामीटरच्या वर्गासमोर मांडा, शुद्ध डीएमपीसीसाठी एक आलेख आणि मिश्रणासाठी त्याच कागदावर दुसरा. दोन्ही सरळ रेषा आल्या, आणि मिश्रणाच्या रेषेचा उतार स्पष्ट कमी निघाला, तर "कोलेस्टेरॉलने साखळ्यांची मंद डोलण्याची मोकळीक आवळली" असं लिहायला तुमच्याकडे आधार आहे. उतार सारखाच निघाला तर मला वर्णपट पाठवा. मग सॅम्पलपासून पुन्हा बघावं लागेल.